डागातली होडी

फाल्गुन लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर काळे पडदे चढतात आणि मला भीती वाटू लागते. मुलांना परीक्षेची वाटते, ती समजण्यासारखी आहे. मी तर परीक्षा देणारी उरलेली नाही. सांगलीच्या या कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर आहे. भिंगे पुसून ठेवणे, मेणबत्त्या एका उंचीच्या कापणे आणि जाड पांढऱ्या कागदाच्या तुकड्यांवर मधोमध तेलाचा एकेक थेंब सोडणे ही या पंधरवड्यातली माझी कामे. थेंब पडला की क्षणभर मण्यासारखा उभा राहतो. मग त्याचे गोलपण सुटते, तो कागदात उतरतो आणि कडेकडेने पसरत जातो. या पसरण्याची कारणे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. ते नुसते शांतपणे पाहत बसणे मात्र मला पाच वर्षांत जमलेले नाही.

प्रयोग अगदी साधा आहे. डागाच्या कागदाच्या एका बाजूला एक दिवा, दुसऱ्या बाजूला दुसरा. तुमच्या बाजूचा उजेड जास्त असेल तर डाग काळपट दिसतो. पलीकडचा जास्त असेल तर तोच डाग उजळतो. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की डाग नाहीसा होतो, आणि मग अंतरे मोजून दोन दिव्यांची ताकद ताडता येते. काल एका मुलीने विचारले, "बाई, डाग खरंच जातो का हो?" मी म्हटले, "जात नाही. दिसत नाही." तिने ते वहीत लिहून घेतले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कृष्णाकाठच्या आमच्या घराचा सोपा उभा राहिला होता आणि सोप्याच्या भिंतीवर समुद्र उसळत होता.

ते चित्र माझ्या थोरल्या भावाने काढलेले. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या घरात समुद्र पाहिलेले एकटे आबा, माझे वडील. पहिल्या लढाईत ते बोटीने इराकात बसऱ्याला जाऊन आले होते. दादाने कागद ताणून बसवला, रंग कालवले आणि त्यांना विचारले, "आबा, लाट कशी असती वं?"

आबा बैलाच्या गळ्यातला कंडा ओवत होते. त्यांनी वर पाहिलेही नाही. "वल्ली असती," ते म्हणाले.

याहून जास्त माहिती मिळेना, तेव्हा दादा उसाच्या बांधावर जाऊन बसला. आषाढी वाऱ्यात ऊस ज्या तऱ्हेने एका अंगाने वाकतो, उलटतो, पानांची पांढरी बाजू दाखवतो आणि पुन्हा उठतो, ते त्याने तीन दिवस पाहिले आणि त्यालाच समुद्र म्हटले. समुद्र हिरवा झाला, तो असा. वर काळेजांभळे आभाळ, लांब दोन होड्या, आणि पुढे, अगदी आपल्या अंगावर येईल अशी, शिडाची एक होडी. सुकाणूपाशी एकच माणूस. त्याच्या डोक्याला मुगाच्या दाण्याएवढा लाल पटका.

मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात वाऱ्याचे प्रकरण नुकतेच संपले होते. मी चित्रापुढे उभी राहून निकाल दिला. "समुद्र हिरवा नसतो, निळा असतो. आणि दादा, तुझं निशाण उजवीकडं फडकतंय, शीड मात्र डावीकडं फुगलंय. एका वेळी एका होडीवर दोन बाजूंनी वारा वाहत नाही."

"वारा फिरतोय, शास्त्रीणबाई," दादा म्हणाला. "फिरतोय त्या घटकेचं चित्र हाय हे."

"फिरताना शीड आधी लोंबतं."

"तू कवा बघितलंस?"

"तू तरी कवा बघितलंस?"

दोघेही हसलो. चौकट करून आणायला तो साताऱ्याला गेला आणि येताना सर्व्हिस मोटारीच्या हिसक्यात काच तडकली. तडकलेली काच घरात नको म्हणून आईने ती उकिरड्यावर टाकायला लावली. नवी काच पुढे बघू, म्हणेपर्यंत लढाई लागली, आणि काच मिळेनाशी झाली. चित्र उघडेच भिंतीवर राहिले. पुढच्या साऱ्या भीतीचे मूळ शोधायचे तर ते त्या हिसक्यापर्यंत मागे नेता येते. मूळ सापडल्याने भीती कमी होते, असे मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आमच्या गावात लष्करात माणूस नाही असे घर शोधावे लागे. दादा मॅट्रिक झाला आणि वर्षभरात भरती झाला. जाण्यापूर्वी त्याने एक काम केले: मला सायन्सला घालण्याचे आबांकडून वदवून घेतले. भावकीतल्या बायका आईला म्हणत, "पोरीला बाटल्या-नळ्या हुंगायला शिकवून काय करायचं गं?" आई म्हणे, "सदाला इचारा, तोच आला की सांगंल." सदा म्हणजे दादा. दादा येईपर्यंत माझे शिक्षण त्याच्या शब्दावर चालले होते, हे मला पक्के ठाऊक होते. तो आला नाही तर काय, या प्रश्नाला दोन बाजू होत्या, आणि दुसरी बाजू, माझी स्वतःची, माझ्या मनात येते याचीच मला लाज वाटे.

दिवाळीनंतर मुंबईहून त्याचे पत्र आले. उद्या बोटीत चढायचे. कुठे, ते लिहायला परवानगी नाही. खाली एक ओळ माझ्यासाठी: "इंदीला सांगा, चित्रातल्या होडीपेक्षा बोट पुष्कळ मोठी आहे."

पत्र वाचून झाल्यावर आई उठली, देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आली आणि तिने पुढच्या होडीला, लाल पटक्याच्या शेजारी, कुंकवाचे बोट लावले.

मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. मला ते सहन झाले नाही. "आई, तो कागद आहे. त्यात दादा नाही. शिवाय त्याची बोट लोखंडाची, वाफेवर चालणारी; तिला शीडसुद्धा नसतं. पूजा करून चित्र खराब होईल तेवढंच."

आईने माझ्याकडे पाहिले. "बरं बाई. न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाने तिने ते कुंकू पुसून टाकले. वादात मी जिंकले होते. त्या वयात मला जिंकणे फार आवडे.

त्यानंतर कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. पत्र नाही.

आमच्याकडे पोस्टमन तालुक्याहून आठवड्यातून दोनदा येई. त्याची एक रीत सगळ्या गावाला माहीत होती. साधे पत्र असले की तो सरळ दाराशी येऊन हाक मारी. लढाईवरची वाईट तार असली की दाराशी येत नसे. वेशीजवळच्या मारुतीच्या पारावर बसे, तोंडावरून हात फिरवी आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून त्या घरच्या कर्त्या माणसाला बोलावून घेई. बायकांपुढे तार वाचायची नाही, असा त्याचा नेम. त्यामुळे बायका त्याच्या पिशवीकडे बघतच नसत. तो चालतो आहे की बसला आहे, एवढेच बघत. चालणारा पोस्टमन म्हणजे सारे ठीक. त्या वर्षी तो आमच्या गावात दोनदा बसला. दोन्ही वेळा आमच्या घरासाठी नव्हे. दोन्ही वेळा आईच्या तोंडून "सुटलो" असा शब्द निघाला आणि लगेच तिने स्वतःच्या गालांवर हळू चापट्या मारून घेतल्या.

माघ संपता संपता परीक्षेच्या तयारीची रजा लागली आणि मी पुस्तके घेऊन घरी आले. इंटर सायन्सचे वर्ष. पहिला वर्ग मिळाला तरच पुढे बी.एस्सी., आणि त्याच्याही पुढे जायचे माझ्या मनाने ठरवून टाकलेले. उजेडासाठी मी सोप्याच्या उंबऱ्याशी बसे, तोंड घराकडे. मान वर केली की समोर चित्र. चित्राच्या खाली भिंतीला टेकून आबा, दाराकडे तोंड करून. गेली काही वर्षे ती त्यांची कायमची जागा. तिथे भिंत गार लागते आणि आलागेला दिसतो, अशी तिची दोन कारणे मी मनाशी धरून चालले होते.

त्या दिवसांत मला डाग प्रथम दिसला.

पुढच्या होडीच्या पोटाशी, रुपयाएवढा, काळसर हिरवा. पहिला तर्क ओल. पण माघात ओल कुठली? गावात पाण्याचा थेंब उडत नव्हता. नदीचे पात्र दोन्ही काठांनी आत सरले होते, रानातून गुऱ्हाळांचा गोड धूर येत होता, भिंत हाताला कोरडी ठणठणीत लागे. दुसरा तर्क वाळवी. चौकट ठोकून पाहिली, आवाज भरीव आला. तिसरा तर्क, रंग फुटला असेल. पण रंग फुटतो तो उन्हाने, आणि त्या भिंतीवर ऊन येत नव्हते. डागाच्या कडेला एक अगदी फिकट केशरी झाक होती. तिचीही मी नोंद केली आणि ती दादाने आभाळाच्या तळाशी दिलेल्या रंगाची असावी असे ठरवून मोकळी झाले.

मग मी तो मोजू लागले. कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन, आई चुलीपाशी असताना, आबा रानात असताना. अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर वार आणि मापे. रविवार ते शुक्रवार आकडा जवळजवळ स्थिर. शनिवारी तो उडी मारी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच: सहा दिवस स्थिर, शनिवारी दुपारी पाहावे तर वाढलेला. सात दिवसांचे आवर्तन असलेली निसर्गातली घटना मला माहीत नव्हती. निसर्गाला शनिवार कळत नाही. हे पान इतर कोणी माझ्यापुढे ठेवले असते तर मी एका क्षणात म्हटले असते, की बाई, शनिवारी तुमच्या घरात कोण काय करते ते पाहा. पण भ्यालेल्या माणसाचे निरीक्षण चालू राहते आणि अनुमान थांबते. मला कारण नकोच होते. मला फक्त डाग पटक्यापर्यंत पोचायला किती शनिवार उरले, एवढेच काढायचे होते. ते मी काढले. चार.

हे मी कोणाला सांगणार? आईला चार महिन्यांपूर्वीच सुनावले होते, की तो कागद आहे. आणि आता मी, जिला पदार्थविज्ञानात वर्गात सर्वांत जास्त गुण, त्याच कागदावर माझ्या भावाचा जीव मोजीत होते.

शनिवारी सकाळी आई मला गुऱ्हाळावर पाठवी, आबांची न्याहारी घेऊन. तिसऱ्या शनिवारी मी भाकरीचे फडके घेऊन वेशीजवळून निघाले होते. ऊन कोवळे होते. मारुतीच्या देवळाशी येते तो पारावर पोस्टमन बसलेला.

बसलेला.

खाली मान, पिशवी शेजारी. आणि देवळाच्या पायरीवर आई, हातात तेलाची वाटी. ती नेहमीप्रमाणे शनिवारचे तेल घालायला आली होती. ती पुढेही येत नव्हती, मागेही जात नव्हती. वाटी कलंडून तेलाची धार तिच्या पावलावर पडत होती आणि तिला ते कळत नव्हते. आमच्यामध्ये वीस पावलांचे अंतर असेल.  

आई एकच शब्द बोलली. "कुणाचं?"

पोस्टमनने वर पाहिले. "काय कुणाचं?" मग त्याच्या लक्षात आले आणि तो ताडकन उठून एका पायावर उभा राहिला. "आवं काकी, न्हाई, न्हाई! पायताणाचा खिळा वर आलाय! त्यो ठोकत बसलुया! कुणाचंच काय न्हाई!"

"मुडद्या!" आई म्हणाली. तिचा आवाज देवळात घुमला. "बसायला दुसरी जागा गावली न्हाई व्हय रं तुला? आं? एवढं गाव पडलंय, आन् खिळा ठोकायला तुला पारच पायजे?"

"चुकलं, काकी."

"चुकलं म्हणं! जीव जातुया हितं माणसाचा!" आणि ती हसायला लागली. तोही हसला, पायताण हातात धरून. मीही हसले असेन. आई हसता हसता पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी जवळ गेले तर तिने मला हाताने पुढे ढकलले. "तू जा. आबा उपाशी हायती. मला आणिक तेल आणून घालाय पायजे. सगळं सांडलं." मी गेले.

दुपारी डिव्हायडर लावला. त्या शनिवारी डाग नेहमीच्या दुप्पट वाढला होता. लाल पटक्याचा अर्धा दाणा बुडाला होता.

मी वही मिटली, आणि परीक्षेला सांगलीला जाईपर्यंत पुन्हा चित्राकडे पाहिले नाही. सोप्यात बसायचे तर आता मी घराकडे पाठ करून बसे. मान खाली घालून पाने उलटत होते, ओळी डोळ्यांखालून जात होत्या.

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला माझ्या चिठ्ठीत तेलाच्या डागाचा प्रयोग आला. काळे पडदे, मेणबत्तीचा वास, बाहेर फाल्गुनाचे ऊन. मी कागद घेतला, थेंब सोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि उतरला. परगावचे परीक्षक फिरत फिरत माझ्या टेबलाशी आले. वृद्ध, सौम्य गृहस्थ.

"हा डाग काळा का दिसतो?" त्यांनी विचारले.

"तेलाने कागदातून उजेड आरपार जातो, सर. परावर्तन कमी होते. म्हणून समोरून पाहिले तर काळपट दिसतो."

"आणि आणखी तेल घातले तर?"

"तर पसरतो," मी म्हटले. "काळसर. कडेला–"

मी थांबले. कडेला केशरी. शेंदूर. शनिवार. वाटी. पायावर सांडलेली धार आणि "आणिक तेल आणून घालाय पायजे". ज्यांच्यावरून लहान मूलही उत्तर देईल अशी सारी मापे माझ्या वहीत महिनाभर पडून होती.

"कडेला काय?" परीक्षकांनी विचारले.

"काही नाही, सर. कडेला डाग फिकट असतो."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी अंतरे मोजली, आकडे लिहिले, गुणोत्तर काढले. ते बरोबर आले असावे, कारण पुढे मला पहिला वर्ग मिळाला. कसे लिहिले ते आठवत नाही. रसायनाच्या प्रात्यक्षिकाला दोन दिवस अवकाश होता. मी वसतिगृहावर न जाता सरळ मोटारतळावर गेले.

त्या दिवसांत पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचे. मी खिडकीशी बसून आईला सांगायची वाक्ये जुळवत होते. डागात काही अशुभ नाही. तू दर शनिवारी मारुतीच्या पायाचे तेल-शेंदूर आणून होडीला लावतेस, मला दिसू नये म्हणून मला गुऱ्हाळावर पाठवतेस, मी रागवेन म्हणून शेंदूर पुसतेस, आणि तेल मागे राहते. डाग मोठा झाला की तू घाबरतेस आणि आणखी तेल लावतेस. समुद्र ओलांडून गेलेला देव एकच, म्हणून त्याचे तेल. सगळे नीट जुळत होते. आमच्या गाडीला दुसरा चढ आला तेव्हा त्या जुळणीचा शेवटचा दुवा माझ्या लक्षात आला. तो असा, की हे सारे मी आईला सांगितले तर त्याचा अर्थ एकच होईल: तुझ्याच हाताने होडी बुडते आहे. मी उतरून इतरांबरोबर मोटार ढकलू लागले.

घरी पोचले तेव्हा तिसरा प्रहर होता. आई मला पाहून पांढरी पडली. परीक्षेच्या मध्ये मुलगी घरी येते, म्हणजे सांगलीला काही कळले असणार, हा तिचा तर्क. मी म्हटले, "काही नाही झालं. चित्र बघायला आले." आणि खुर्चीवर चढून चित्र उतरवले.

डागाने पटका गिळला होता. होडीही जवळजवळ गेली होती. समोरून पाहताना तिथे फक्त एक काळा, ओलसर खड्डा दिसे.

"आई, तू ह्याला काही लावतेस?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुला आवडायचं न्हाई म्हणून पुसून टाकत हुते, इंदे. शेंदूर. सोमवारी न्हाई, गुरुवारी न्हाई, फकस्त शनिवारी." आणि मग, माझ्या हातातल्या चित्राकडे बोट करून, "तेलानं झालं व्हय गं हे? म्या बुडवला त्याला?"

आयुष्यात मला इतक्या स्पष्ट शब्दांत प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तरही मला इतके स्पष्ट कधी ठाऊक नव्हते.

मी अडकित्त्याच्या टोकाने चौकटीमागचे खिळे काढले. मागची फळी सोडवली. तिच्यावरही तेल उमटले होते. नुसता कागद घेऊन मी दाराशी गेले आणि दारातून येणाऱ्या उजेडापुढे तो दोन्ही हातांनी ताणून धरला. "अशी माझ्या अंगाला ये," मी आईला म्हटले.

सारे चित्र काळवंडले आणि डाग उजळला. हिरवा समुद्र, जांभळे आभाळ, लांबच्या दोन होड्या, सगळे अंधारात गेले. मधोमध दिव्याच्या काचेसारखा एक गोल, आणि गोलात होडी. दादाच्या पेन्सिलीच्या रेघांसकट. सुकाणूवरचा माणूस, त्याचा पटका, तांबडालाल.

"दिसतीया की," आई कुजबुजली. "हाय की गं त्यो."

"आहे. तेलानं कागदातून आरपार दिसतं."

मी खोटे बोलले नाही. फक्त उत्तराचा अर्धा भाग दिला आणि अर्धा ठेवून घेतला. प्रयोगवहीत मी असे कधी केले नसते.

"मग लावू, का बंद करू?" आईने विचारले.

बंद कर, म्हणण्यासाठी मी एवढ्या लांबून आले होते. "लाव," मी म्हटले.

तेवढ्यात आबा रानातून आले. दारात कागद ताणलेला, त्यांना वाट नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या चित्राच्या समोरासमोर उभे राहिलेले प्रथमच पाहिले. त्यांना मागची बाजू दिसेल म्हणून मी कागद फिरवला. त्यांनी होडीकडे पाहिले. निशाणाकडे, शिडाकडे. मग ते वळले, रांजणाशी गेले आणि पाय धुऊ लागले. पाय धुऊन झाले तरी पाणी घेतच राहिले.

"वाऱ्याचं बराबर काढलंय त्यानं," ते आमच्याकडे पाठ करून म्हणाले. "निशाण एकीकडं, शीड एकीकडं. बसऱ्याच्या खाडीत मचवा बघितला म्या असा. आमच्या बोटीवरनं."

"मग, आबा?" मी विचारले.

"मग काय? तवाच माणसं जात्यात."

ते सोप्यात आले आणि भिंतीला टेकून आपल्या जागी बसले. वर रिकामा खिळा होता. त्या जागेची मी इतकी वर्षे धरलेली दोन्ही कारणे त्या संध्याकाळी रद्द झाली. ते भिंतीला टेकत नव्हते. ते चित्राला पाठ करत होते. आणि दादाच्या चित्रात चूक आहे असे म्हणणारी मी, पुस्तकातला वारा शिकलेली, एकटीच चुकले होते.

चैत्रात, निकालाच्या आधी, पोस्टमन आला. गल्लीच्या तोंडापासून तो ओरडतच आला, "काकी, बसलो न्हाई बरं का! बसलो न्हाई!" आईने हातातले पीठ तसेच सोडले. पत्र दादाच्या हातचे होते. सरकारी काळ्या शाईने त्यातल्या ओळीमागून ओळी खोडल्या होत्या. वरचे नमस्कार राहिले होते आणि शेवटची एक ओळ: "इंदीला सांगा, पाणी हिरवेच आहे."

आईला तेवढे पुरे झाले. मला झाले नाही. मी ते पत्र दारातल्या उजेडापुढे धरून पाहिले. शाईतून काही दिसत नाही. शाई तेलासारखी नसते. हिरव्या पाण्याच्या आधीच्या त्या अकरा काळ्या ओळींत काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.

दादा परत आला, लढाई संपल्यावर. धडधाकट. हातपाय शाबूत, दोन दात कमी. गाव गोळा झाले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी त्याच्या पाया पडले तर म्हणाला, "शास्त्रीणबाई, पहिला वर्ग काय?" आणि हसला. सगळे होते तसेच होते. मग तो सोप्यात आला. चित्र पुन्हा आपल्या खिळ्यावर होते, डागासकट. दादाने त्याच्याकडे एकदा पाहिले. पापणी लवण्याएवढा वेळ. मग तो जाऊन आबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला, दाराकडे तोंड करून. आबा थोडे सरकले आणि त्याला जागा दिली. 

तेव्हापासून ते दोघे तिथेच बसतात. रानातले बोलतात, उसाचे बोलतात. पावसाळ्यात वारा सुटला आणि रानात ऊस सळसळू लागला की दादा उठून दार लावून घेतो. मी त्याला एकदाच विचारले, त्या बोटीत काय झाले. तो म्हणाला, "आमच्या शेजारची बोट लय जवळ हुती गं." आणि थांबला. त्याचीही ती खोडलेली ओळ होती.

गेल्या शनिवारी मी घरी होते. सकाळी आई मारुतीला जाऊन आली, वाटीत उरलेले तेल घेऊन सोप्यात आली. आता ती लपवत नाही, शेंदूरही पुसत नाही. डाग आता लांबच्या होड्यांना पोचला आहे. दोघे पुरुष खाली बसले होते. आबांचा डोळा लागला होता आणि दादा दारातून उन्हाकडे पाहत होता. मी हळू आवाजात म्हटले, "आई, दादा येऊन चार वर्षं झाली. आता कशाला?"

आईने दादाच्या डोक्यावरून हात लांब करून होडीला बोट लावले. तो हलला नाही.

"त्यो आजून खाली उतारला न्हाई, बाई," ती म्हणाली. "तू वाटी धर."

मी धरली.